फॉर्म म्हणतो 'मेसेज पाठवला', क्लायंट म्हणतो 'मला काहीच आलं नाही': मेल नेमका कुठे अडकतो ते कसं शोधायचं

पेणच्या एका मूर्तिकार काकांची वेबसाइट मी केली होती. शाडूच्या मूर्ती, घरातली तिसरी पिढी या कामात, फोटो सगळे कारखान्यात बसून काढलेले. आषाढ लागला तेव्हा त्यांचा फोन आला, म्हणाले, "अरे, साइट छान दिसते असं सगळे म्हणतात, पण तिच्यावरून यंदा एकही चौकशी आली नाही बघ, जुन्या साइटवरून तरी येत होत्या." मी फोन कानाला तसाच ठेवून लॅपटॉपवर फॉर्म भरला, हिरव्या चौकटीत 'मेसेज मिळाला, धन्यवाद' आलं, म्हटलं काका फॉर्म तर चालू आहे. तर ते म्हणाले, मग तुझा मेसेज मला का नाही आला?

नव्हताच आला. दोन तास शोधल्यावर कळलं की मार्चपासूनच्या ३७ चौकशा होस्टिंगच्या (म्हणजे साइट जिथे भाड्याने ठेवतो त्या कंपनीच्या) सर्व्हरवरच्या एका मेलबॉक्समध्ये पडून होत्या, जो कोणी कधी उघडलाच नव्हता. त्यातल्या काही परदेशातल्या मराठी माणसांच्या होत्या, त्यांची मूर्ती बोटीने जायची तर ती कितीतरी आठवडे आधी निघावी लागते, त्या ऑर्डरी गेल्याच. काका एका शब्दाने रागावले नाहीत, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. त्यांचं वर्षाचं पोट त्या तीन-चार महिन्यांवर चालतं.

ही तक्रार मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणाची ना कोणाची तरी येते. फोटोग्राफर, मेहंदीवाल्या ताई, कोकणातले होमस्टेवाले, पॉटरीचे क्लास घेणारे, सगळ्यांची साइट वेगळी पण तक्रार तीच. आणि दर वेळी कारण वेगळं निघतं, म्हणून 'हे प्लगइन टाका, सुटेल' (प्लगइन म्हणजे साइटला जोडायचा तयार प्रोग्राम) हा सल्ला अर्ध्या वेळा चालत नाही, उलट मूळ कारण झाकलं जातं आणि सहा महिन्यांनी परत तेच. मी आता कशाला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारतो, मेल अडकला कुठे? ते कसं शोधतो ते इथे सविस्तर लिहितोय. मुख्यतः वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरबद्दल लिहितोय कारण छोट्या धंद्यांच्या बहुतेक साइट मी त्यावरच करतो, बाकीच्यांचं शेवटी थोडं.

आधी हे समजून घ्या की ती हिरवी चौकट काय सांगते. वर्डप्रेस स्वतः मेल पोचवत नाही. ते मेल तयार करतं आणि होस्टिंगच्या सर्व्हरवर जो मेल पाठवणारा प्रोग्राम असतो त्याच्या हातात देतं, त्याने 'घेतला' म्हटलं की वर्डप्रेस 'पाठवला' म्हणतं. पत्र पोस्टाच्या पेटीत पडलं एवढंच. पुढे ते पोस्टमनने नेलं का, पत्ता बरोबर होता का, समोरच्याने पाकीट उघडलं का, यातलं काहीच त्या चौकटीला माहीत नसतं. म्हणून क्लायंटला 'फॉर्म चालू आहे' असं नुसती चौकट बघून कधीच सांगू नका, मी सांगितलं होतं आणि ते चूक होतं.

कारण शोधायच्या आधी गळती थांबवा

तुम्ही शोधाशोध करताय तेवढ्या दोन दिवसांतसुद्धा लोक फॉर्म भरत असतात. म्हणून पहिलं काम, प्रत्येक चौकशी साइटच्या डेटाबेसमध्येच साठली पाहिजे, मेल जावो न जावो. कॉन्टॅक्ट फॉर्म सेव्हन हे प्लगइन प्रचंड वापरलं जातं पण ते स्वतः काहीही साठवत नाही, मेल गेला नाही तर मजकूर कायमचा गेला. त्याच लेखकाचं फ्लेमिंगो नावाचं फुकट प्लगइन आहे, ते टाकलं की नोंदी डॅशबोर्डमध्ये दिसायला लागतात. एलिमेंटर प्रो वापरत असाल तर फॉर्मच्या 'अ‍ॅक्शन्स आफ्टर सबमिट'मध्ये 'कलेक्ट सबमिशन्स' आहे का बघा, फ्लुएंट फॉर्म्स फुकटातही साठवतं, काही प्लगइन मात्र पैसे भरल्याशिवाय नोंदी दाखवत नाहीत, तेव्हा गृहीत धरू नका, एक फॉर्म भरून डोळ्याने बघा. आणि साठवलेल्या नोंदींमध्ये लोकांची नावं आणि फोन नंबर असतात, वैयक्तिक माहितीचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झालाय, त्यामुळे काम झालेल्या जुन्या नोंदी वर्षातून एकदा तरी काढून टाकायची सवय क्लायंटला लावा.

दुसरं, तेवढ्यापुरतं फॉर्मच्या वर व्हॉट्सअ‍ॅपचं बटण मोठं करून टाका. तिथे नंबर देताना पुढे ९१ हवं, अधिकचं चिन्ह नको आणि शून्य तर अजिबात नको, मी अशी बटणं बघितली आहेत जी दोन वर्षं शून्यामुळे बंद होती आणि कोणाला पत्ता नाही.

टेस्ट अशी करा की उत्तर मिळेल

बहुतेक जण टेस्ट कशी करतात, स्वतःच्या लॅपटॉपवरून अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन असताना फॉर्म भरतात, नावात 'टेस्ट' आणि मेसेजमध्येही 'टेस्ट'. असला मेसेज स्पॅम फिल्टरला स्पॅमच वाटतो, शिवाय लॉगिन असताना कॅशे (पानाची साठवून ठेवलेली प्रत) आणि कॅप्चा (भरणारा माणूस की रोबो ही तपासणी) वेगळे वागतात. त्यापेक्षा मोबाइल डेटावरून, लॉगिन नसलेल्या ब्राउझरमधून भरा, खऱ्या गिऱ्हाइकासारखं वाक्य लिहा ("दीड फुटाची मूर्ती हवी आहे, डोळे कोणते करता") आणि मेसेजमध्ये वेळ टाका, ११:४२ वगैरे, म्हणजे कोणती टेस्ट पोचली ते नंतर गोंधळ न होता कळतं.

आणि सगळ्यात उपयोगाची गोष्ट ही, फॉर्मच्या सेटिंगमध्ये तात्पुरते तीन पत्ते टाका, क्लायंटचा, तुमचा जीमेल आणि जीमेल नसलेला एखादा तिसरा. या एका टेस्टने प्रश्न दोन तुकड्यांत मोडतो. तुम्हाला दोन्हीकडे आला पण क्लायंटला नाही, तर भानगड क्लायंटच्या पत्त्यापाशी आहे आणि साइटवर प्लगइनं बदलत बसायची गरज नाही. कोणालाच नाही आला किंवा सगळ्यांच्या स्पॅममध्ये पडला तर भानगड पाठवण्यात आहे.

एक सापळा सांगून ठेवतो ज्यात मी स्वतः अडकलोय. क्लायंटचा 'इन्फो' पत्ता तुमच्याच जीमेलला फॉरवर्ड करून ठेवलाय आणि तुम्ही त्याच जीमेलवरून त्या पत्त्याला मेल टाकून बघताय, तर तो परत आलेला मेल जीमेल इनबॉक्समध्ये नव्याने दाखवत नाही, कारण तोच मेल तुमच्या सेंटमध्ये आहे. फॉरवर्डिंग तपासायचं तर दुसऱ्या कोणाच्या तरी मेलवरून तपासा.

तुम्हाला येतो, क्लायंटला येत नाही

आधी पत्ता अक्षर-अक्षर वाचा. खरंच. जीमेलच्या स्पेलिंगमध्ये दोन अक्षरं इकडची तिकडे, डॉट कॉमच्या जागी डॉट को, हे मला आत्तापर्यंत चार वेळा सापडलंय.

मग क्लायंटला स्पॅम उघडायला सांगा, आणि आजच सांगा, कारण जीमेल स्पॅममधले मेल ३० दिवसांनी आपोआप पुसून टाकतं. तक्रार आल्यावर तुम्ही 'पुढच्या आठवड्यात बघतो' म्हणालात तर त्या आठवड्यातल्या जुन्या चौकशा कायमच्या गेल्या. सापडलेल्या प्रत्येक मेलवर 'नॉट स्पॅम' दाबायला सांगा, आणि फॉर्मच्या मेलचा विषय ठरलेला ठेवून (मी 'वेबसाइट चौकशी' ठेवतो) जीमेलमध्ये फिल्टर करून 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' लावून द्या. हे मलम आहे, मूळ दुखणं खाली येतंय, पण आजच्यापुरतं चालतं.

फोटोग्राफर, व्हिडिओवाले, डिझायनर यांच्याकडे अजून एक कारण निघतं जे मला फार उशिरा सुचलं. जीमेलच्या फुकटच्या खात्याला १५ जीबी जागा असते आणि ती मेल, ड्राइव्ह, फोटोज या सगळ्यात मिळून असते. कोल्हापूरचा एक लग्नाचा फोटोग्राफर, तुळशीचं लग्न झालं आणि सिझन लागला तसा गडी ड्राइव्हवर अल्बम चढवत सुटला, जागा भरली, आणि भरली की खात्यात नवीन मेल यायचे बंद होतात. वर लाल पट्टी दिसत होती पण तो मेल मोबाइलवरच बघायचा. आता कोणी म्हणेल, मेल पोचला नाही तर परत आला असेल ना, बाउन्स झाला असेल? झाला होता, पण तो बाउन्स मेलच्या फ्रॉममध्ये, म्हणजे पाठवणारा म्हणून, जो पत्ता दिसतो तिथे येत नाही, पाकिटावरच्या परतीच्या पत्त्यावर जातो, आणि शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) तो बहुतेकदा सर्व्हरवरचं होस्टिंगचंच खातं असतं. तिथे कोण बघायला जातंय. त्याला ड्राइव्ह साफ करायला लावलं, दोन तासांत मेल सुरू. साइटमध्ये एक अक्षर बदललं नाही.

आता काकांचं प्रकरण, कारण हे सगळ्यात फसवं आहे आणि साइट नव्या होस्टिंगवर हलवली की हमखास होतं. काकांचा 'इन्फो' पत्ता त्यांच्या पुतण्याने गुगल वर्कस्पेसवर (गुगलची धंद्यांसाठीची मेल सेवा) घेतलेला, उत्तम चालू होता, बाहेरून कोणीही मेल टाकला तर बरोबर यायचा, म्हणून कोणाला शंकाच आली नाही. पण मी नवीन होस्टिंगवर साइट टाकताना सी-पॅनलमध्ये (होस्टिंगची सेटिंग करायचं पान) त्याच नावाचा मेलबॉक्स सवयीने तयार करून ठेवला होता आणि 'ईमेल रूटिंग' हे सेटिंग 'लोकल मेल एक्सचेंजर'वर होतं. याचा अर्थ सर्व्हरची अशी समजूत की या डोमेनचे मेल माझ्याच घरी राहतात. बाहेरचं जग डोमेनचे एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचा ते सांगणाऱ्या नोंदी) बघून गुगलकडे जातं, पण साइट आणि तो मेलबॉक्स एकाच सर्व्हरवर, मग सर्व्हर कशाला बाहेर बघतोय, त्याने मेल घरातल्या घरात त्या मेलबॉक्समध्ये ठेवून दिला. प्रत्येक वेळी. चार महिने.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे, सी-पॅनलमध्ये ईमेल रूटिंग उघडा, डोमेन निवडा, 'रिमोट मेल एक्सचेंजर' करा, सेव्ह. पण ते केल्यावर थांबू नका, आधी साठलेले मेल आपोआप गुगलकडे जात नाहीत, ते तिथेच असतात. त्या मेलबॉक्सचा वेबमेल उघडून सगळे बघा, शिवाय सी-पॅनलच्या मुख्य खात्याचा डिफॉल्ट मेलबॉक्सही बघा, कधीकधी तिथे जाऊन पडतात. सर्व्हरवर त्या नावाचा मेलबॉक्सच नसेल तर मात्र 'असा कोणी इथे नाही' म्हणून सर्व्हर मेल परत फिरवतो आणि मजकूर मिळणं अवघड. सी-पॅनलमध्ये 'ट्रॅक डिलिव्हरी' असतं (काही होस्टिंगवाले ते बंद ठेवतात), त्यात अलीकडच्या प्रत्येक मेलचं काय झालं ते दिसतं, कुठे गेला, कोणी नाकारला, कारण काय. खरं तर कुठल्याही केसमध्ये मी आता सगळ्यात आधी तेच उघडतो.

याचाच चुलतभाऊ म्हणजे नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी जिथून वाचल्या जातात ते सर्व्हर) बदलताना एमएक्स हरवणं. साइट हलवायची म्हणून डोमेनचे नेमसर्व्हर नव्या होस्टिंगचे लावले आणि जुन्या जागेचे मेलचे रेकॉर्ड तिकडे उतरवलेच नाहीत, मग फॉर्मच काय, क्लायंटचा सगळाच मेल बंद. साइट हलवायच्या आधी जुन्या डीएनएसच्या, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या, पानाचे स्क्रीनशॉट घ्या, सगळ्या ओळींचे. मी याशिवाय आता नेमसर्व्हरला हात लावत नाही, कितीही घाई असली तरी.

कोणालाच येत नाही, किंवा सगळ्यांच्या स्पॅममध्ये पडतो

इथे पहिला संशयित म्हणजे फ्रॉमचा पत्ता. पुण्याच्या एक ताई आहेत, सिरॅमिकचं काम करतात, शनिवार-रविवार वर्कशॉप घेतात. त्यांना रिप्लाय देणं सोपं जावं म्हणून मी फॉर्मच्या फ्रॉममध्ये भरणाऱ्याचाच पत्ता टाकला होता, म्हणजे कोणी जीमेलवाल्याने फॉर्म भरला की मेल त्याच्याच नावाने यायचा. बऱ्याच जुन्या ट्युटोरियलमध्ये असंच शिकवलेलं आहे. पण हे म्हणजे दुसऱ्याच्या सहीचं पत्र आपण पाठवण्यासारखं झालं, त्याचा मेल जीमेलचा आणि पाठवतोय कुठला तरी होस्टिंगचा सर्व्हर. याहूने २०१४ च्या एप्रिलमध्येच जाहीर केलं होतं की आमच्या पत्त्याने दुसरीकडून आलेले मेल सरळ नाकारा, आणि जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून मेल पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले त्यात स्पष्ट आहे की जीमेलचा पत्ता फ्रॉममध्ये लावून दुसरीकडून मेल पाठवू नका. ताईंचे काही मेल येत होते काही नाही, ज्याचा मेल ज्या कंपनीचा तसं, म्हणून तर 'कधी येतात कधी नाही' असं त्या सांगत होत्या आणि मला वाटायचं सर्व्हर स्लो आहे.

बरोबर पद्धत अशी की फ्रॉममध्ये नेहमी साइटच्याच डोमेनचा पत्ता, म्हणजे 'फॉर्म' किंवा 'वेबसाइट' असं काही नाव आणि पुढे क्लायंटचं डोमेन, आणि भरणाऱ्याचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये. क्लायंटने रिप्लाय दाबला की तो गिऱ्हाइकालाच जातो, फरक काहीच जाणवत नाही. कॉन्टॅक्ट फॉर्म सेव्हनमध्ये हे 'मेल' टॅबच्या 'अ‍ॅडिशनल हेडर्स'मध्ये असतं. आणि क्लायंटचा जीमेलचा पत्ता फ्रॉममध्ये टाकणं हीसुद्धा तीच चूक, पत्ता त्यांचाच असला तरी पाठवणारा सर्व्हर जीमेलचा नाही.

एवढं करूनही स्पॅममध्ये जात असेल तर आलेला एखादा मेल जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर उघडा, उजवीकडे तीन टिंबं, 'शो ओरिजिनल'. वर एक तक्ता येतो, त्यात एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तिघांपुढे पास की फेल ते लिहिलेलं असतं. एसपीएफ म्हणजे डोमेनच्या डीएनएसमध्ये लावलेली यादी, आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी या या सर्व्हरना. डीकिम म्हणजे मेलवरचं सील, वाटेत कोणी मजकूर बदलला नाही याची खूण. आणि डीमार्क असं बघतं की या दोघांपैकी निदान एक तरी पास आहे आणि ते ज्या डोमेनसाठी पास झालं ते आणि फ्रॉममध्ये दिसणारं डोमेन एकच आहे. हा शेवटचा भाग लोक विसरतात. शेअर्ड होस्टिंगवर हमखास दिसणारं चित्र म्हणजे एसपीएफ पास, डीमार्क फेल. लोक गोंधळतात की पास आहे तर फेल का, तर एसपीएफ पाकिटावरचा परतीचा पत्ता तपासतं, जो होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरचा असतो, तो पास होणारच, पण तुमच्या क्लायंटच्या डोमेनशी त्याचं काही नातं नाही.

एसपीएफच्या दोन चुका तर इतक्या वेळा बघितल्यात की मी न बघता विचारतो. एक, एकाच डोमेनला दोन एसपीएफ रेकॉर्ड. होस्टिंगने एक लावलेलं असतं, मग गुगलचं मेल घेताना त्यांनी सांगितलं म्हणून दुसरं, मग न्यूजलेटरवाल्यांचं तिसरं. एसपीएफ एकच असावं लागतं, दोन दिसली की दोन्ही गेली, तपासणी चुकीची म्हणून सोडून दिली जाते. सगळ्यांची 'इन्क्लूड'ची नावं एकाच ओळीत घाला. आणि त्यातही डीएनएसमध्ये शोधायला लागतील अशा नोंदी १० च्या वर गेल्या तरी पूर्ण ओळ बाद होते, म्हणून बंद केलेल्या सेवांची नावं काढत चला.

दुसरी चूक म्हणजे रेकॉर्ड भलत्याच ठिकाणी लावणं. डोमेन एकीकडे घेतलेलं, होस्टिंग दुसरीकडे, मधे कोणीतरी क्लाउडफ्लेअर (साइट आणि बघणारा यांच्या मधे बसणारी सेवा) लावलेलं, आणि आपण सी-पॅनलच्या झोन एडिटरमध्ये बसून रेकॉर्ड बदलतोय, आठ दिवस झाले तरी फरक नाही. नेमसर्व्हर ज्यांचे, डीएनएस तिथलंच चालतं, बाकीच्या ठिकाणी लिहिलेलं जगाला दिसतच नाही. आधी नेमसर्व्हर कोणाचे ते बघा आणि मगच पान उघडा. क्लाउडफ्लेअर असेल तर मेल सर्व्हरच्या नावाची जी ओळ असते तिच्यापुढचा केशरी ढग बंद करून राखाडी करा, कारण त्या ढगातून वेबसाइट जाते, मेल जात नाही.

एसएमटीपी कधी आणि कसं

पाठवण्याचंच दुखणं असेल तर होस्टिंगच्या भरवशावर न राहता एसएमटीपीने पाठवणं हाच टिकाऊ उपाय, म्हणजे साइट खरोखरच्या मेल खात्यात लॉगिन करून तिथून मेल पाठवते, मग एसपीएफ-डीकिम त्या खात्याचे लागू होतात (डीकिम वर्कस्पेसच्या अ‍ॅडमिनमध्ये जाऊन चालू करावं लागतं, ते विसरू नका). डब्ल्यूपी मेल एसएमटीपी आणि फ्लुएंट एसएमटीपी ही दोन्ही प्लगइनं चांगली, मी दुसरं वापरतो कारण त्यात गेलेल्या मेलचा लॉग फुकटात मिळतो आणि लॉगशिवाय आंधळी कोशिंबीर होते. पोर्ट ५८७ आणि टीएलएस, नाही जमलं तर ४६५ आणि एसएसएल. पोर्ट २५ च्या नादी लागू नका, बरेच होस्टिंगवाले ते बंद ठेवतात.

गुगलचं खातं असेल तर नेहमीचा पासवर्ड तिथे चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो. आणि इथे एक गोष्ट क्लायंटला कागदावर लिहून द्या, त्यांनी गुगलचा मुख्य पासवर्ड बदलला की सगळे अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात आणि फॉर्म त्या क्षणी बंद पडतो. एका होमस्टेवाल्या काकूंनी मोबाइल हरवला म्हणून पासवर्ड बदलला, अगदी बरोबर केलं त्यांनी, पण मला माहीत नसल्यामुळे नाताळच्या आधीचे दहा दिवस फॉर्म मुका होता. तेव्हा नोंदी डेटाबेसमध्ये साठत होत्या म्हणून एकही बुकिंग गेलं नाही. वर पहिलं काम ते सांगितलं ते यासाठीच.

फॉर्मच्या आतच गायब होणारे

क्वचित मेल तयारच होत नाही. रिकॅप्चाचं तिसरं व्हर्जन प्रत्येक भरणाऱ्याला ० ते १ च्या मधे मार्क देतं आणि साधारण ०.५ च्या खाली गेला की फॉर्म त्याला स्पॅम समजतो, खरी माणसंही यात सापडतात. कॉन्टॅक्ट फॉर्म सेव्हनमध्ये चौकट केशरी दिसली तर तेच समजा. फ्लेमिंगोमध्ये स्पॅमचा वेगळा कप्पा असतो, तो उघडून बघा, तिथे सापडतील. दुसरं कॅशे, वर्डप्रेसचे सुरक्षेचे टोकन २४ तासांत शिळे होतात आणि पान कॅशेत आठवडाभर पडून असेल तर काही फॉर्म सबमिटच होत नाहीत, संपर्काचं पान कॅशेतून वगळा, विषय संपला.

विक्स, स्क्वेअरस्पेस असल्या तयार साइट देणाऱ्या ठिकाणी मेल त्यांच्याच सर्व्हरवरून निघतो, त्यामुळे वरचं निम्मं डोकं लावायची गरज नाही, तिथे फक्त पत्ता, स्पॅम, भरलेली जागा आणि नोंदी कुठे साठतात एवढंच बघायचं. साध्या एचटीएमएलच्या साइटवर मात्र फॉर्मच्या मागे काहीतरी आहे का हेच आधी बघा, एका चित्रकाराच्या साइटवर सुंदर फॉर्म होता आणि मागे काहीच जोडलेलं नव्हतं, बटण दाबलं की पान फक्त परत उघडायचं.

आता मी प्रत्येक क्लायंटच्या साइटवर महिन्याच्या एक तारखेला स्वतः फॉर्म भरतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतो, ११:४२ चा मेसेज आला का. पाच मिनिटांचं काम आहे. सिझनवाल्यांना सिझनच्या महिनाभर आधी दोनदा, काकांचं अक्षय्य तृतीयेच्या आधी, फोटोग्राफरांचं दिवाळीच्या आधी. याचे वेगळे पैसे लावत नाही, मेंटेनन्समध्येच धरतो.

आणि जुन्या चौकशा सापडल्या की त्यांचं काय करायचं हा प्रश्न लोक विचारत नाहीत पण तो महत्त्वाचा आहे. कितीही उशीर झाला असला तरी उत्तर द्या. काका लाजत होते, चार महिन्यांनी काय तोंड दाखवायचं म्हणाले, मग आम्ही दोघं कारखान्यात बसलो आणि प्रत्येकाला एकच साधा मजकूर पाठवला, "नमस्कार, आपण वेबसाइटवरून मूर्तीची चौकशी केली होती, आमच्या तांत्रिक चुकीमुळे ती आम्हाला आजच दिसली, उशिराबद्दल मनापासून माफी असावी, आपली मूर्ती ठरली नसेल तर आजही करून देता येईल." नंबर होते त्यांना फोन केले, काका बोलायचे, मी वहीत लिहायचो. ३७ पैकी ९ जणांची मूर्ती अजून ठरायची होती, ती त्यांनी काकांकडेच ठरवली. बोस्टनच्या एका बाईंनी लिहिलं की यंदाची इथेच घेतली, पण पुढच्या वर्षीची आत्ताच लिहून ठेवा. काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे त्यांचं नाव लिहून ठेवलंय.